बावखलाचे पाहुणे

१४ ऑक्टोबर २००३

आज दुपारी मी भांडी घासत होते, तेव्हा एक मुलगी मागच्या दारात येऊन म्हणाली, "काकी, तुमच्या बावखलात उतरू का?" खांद्यावर जाळी, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट, तेही एवढ्या उन्हात. मी म्हटलं, "मासे हवे असतील तर पाचूबंदरला जा बाय. इथे बोटाएवढे मिळतील." ती म्हणाली, मासे नकोत, बेडूक हवेत.

नाव संपदा. बोळिंजला फ्लॅटमध्ये राहते. ती डॉक्टर होणार आहे, पण दवाखान्यातली नाही, बेडकांची. गाव मूळचं रत्नागिरीकडचं. पाच वर्षं इथे राहते आणि बावखल म्हणजे गटार असा तिचा समज होता. मी तिला काठावर नेलं आणि सांगितलं. हे आमच्या पूर्वजांनी वाडीसाठी खणलेलं तळं. पावसाचं गोडं पाणी यात साठतं, झिरपतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. हे माती टाकून बुजवलं की विहिरी खाऱ्या. चार घरांची भागी आहे: माझं घर, माझ्या दिराचं, बर्थाचं आणि हंसाताई वर्तकांचं.

ती बुटांसकट उतरली आणि तासभर पाण्यात वाकून राहिली. वर आली तेव्हा नाकावर शेवाळ होतं आणि चेहऱ्यावर असा आनंद, जसा लग्नातल्या करवलीच्या. मी तिला चहा दिला. माझा नवरा गॅब्रिएल असता तर तोही उतरला असता.

१९ ऑक्टोबर

संपदा पुन्हा आली. तिने एक विषय काढला. पुण्याला एक निधी आहे. उष्ण कटिबंधातली जीवसृष्टी वाचवायला आणि तिचा अभ्यास करायला ते पैसे देतात. आपण बावखलासाठी अर्ज करू, असं म्हणते.

उष्ण कटिबंध हा शब्द मी वाचला होता. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर आणि चर्चच्या वाचनालयात. भूगोलाच्या एका जुन्या पुस्तकात उष्ण कटिबंधाचं चित्र होतं, त्यात माकडं आणि मोठमोठे वेल. मला वाटलं होतं, आफ्रिका. संपदा म्हणाली, "नाही काकी, वसईसुद्धा त्यातच येते."

म्हणजे चोपन्न वर्षं मी तिथेच राहते आणि कोणी सांगितलं नाही.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. सकाळी सिमेट्रीत गेले, गॅब्रिएलच्या क्रुसाशी फुलं आणि मेणबत्ती लावली. वारा होता, ज्योत राहीना. रुडॉल्फ आला, हाताचा आडोसा करून उभा राहिला. माझा दीर इतका गप्प फक्त सिमेट्रीतच असतो.

बाहेर पडताच तोंड उघडलं. "वैनी, मी माझा भाग देऊन टाकतो. बिल्डर विचारतोय. रस्त्याच्या बाजूचा आहे, त्याला तोच पायजे."

"कुठला भाग?"

"बावखलाचा. दुसरा कुठला?"

मी म्हटलं, अर्धं भरलं तर उरेल ते डबकं. तो म्हणाला, "डबकं तरी कशाला ठेवायचं? पूर्न भरा. डास जातील. मे महिन्यापर्यंत बघतो, पावसाच्या आधी भराव टाकायचा म्हनतात."

पैशांची हाव सुटली आहे, दुसरं काय. मुलगा मस्कतला, बायको मुलाकडे, खर्च तो किती? त्याला ते पाणी डोळ्यांसमोर नकोच. त्या बाजूची खिडकी साडेतीन वर्षं बंद आहे. म्हणतो डास. जाळी बसवली, तरी बंदच. बस स्टॉपला जायचं तर काठाने दोन मिनिटं, पण हा चर्चला वळसा घालून जातो. म्हणतो चिखल. उन्हाळ्यात कुठला चिखल?

गॅब्रिएल त्या काठावरच गेला, गाळ काढायच्या दिवशी. फावडं हातात होतं. रुडॉल्फ बरोबर होता, त्यानेच उचलून घरी आणलं. त्या दिवसाबद्दल तो बोलत नाही, मी विचारत नाही. आमच्यात बोलण्यासारखं दुसरं पुष्कळ असतं, बहुतेक भांडण.

१६ नोव्हेंबर

अर्ज भरायला बसलो. इंग्रजीत आहे. संपदा वाचून मराठीत सांगते, मी उत्तर देते, ती सुधारून लिहिते.

प्रश्न होता, या जागेला धोका कोणापासून? मी म्हटलं, लिही, माझा दीर. तिने लिहिलं, "वाढतं शहरीकरण." रुडॉल्फला एवढं मोठं नाव आजवर कोणी दिलं नव्हतं.

पुढचा प्रश्न, स्थानिक लोकांचा सहभाग किती? बर्था तेवढ्यात कोथिंबीर मागायला आली होती. ती म्हणाली, "लिव, सगले." संपदाने विचारलं, "सगळे म्हणजे किती जण, मावशी?" बर्था माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मी आनि कार्मिन."

एक अट मात्र कडक आहे. भागीदार घरांनी दहा वर्षं बावखल न भरण्याचं मान्य केलं पाहिजे. चारही घरांनी. पैसे अभ्यासाला आणि काठाच्या दुरुस्तीला मिळतील, जमीनमालकाला काही नाही. रुडॉल्फला सांगितलं तर म्हणाला, "म्हनजे बेडकाला पगार आनि मला नाय?"

हो म्हणाला नाही. पण "करा अर्ज, करमनूक होईल" एवढं म्हणाला. संपदाने ते होकार म्हणून समजून घेतलं. शिकलेल्या मुली फार लवकर समजून घेतात.

२६ डिसेंबर

नाताळ झाला. लेकीचा, ज्युलिएटचा, कुवेतहून फोन आला. हॉस्पिटलात ड्यूटी होती बिचारीला.

पाववाला अजून चारच पाव देतो. पूर्वी दोन माझे, दोन गॅब्रिएलचे. मी त्याला सांगितलेलं नाही. दोन कोंबड्यांना घालते. कोंबड्या माजल्या आहेत.

११ जानेवारी २००४

संपदाबरोबर मीही पाण्यात उतरले. साडी खोचून. पंचवीस वर्षांनी. तिने शेवाळाचा एक झुबका बशीत झटकला, त्यातून काळपट सहा पायांचे किडे निघाले. म्हणाली, ही चतुराची पिल्लं. पंख फुटेपर्यंत शेवाळातच राहतात. आपण लहानपणी शेपटीला दोरा बांधून उडवायचो तो चतुर, त्याचं बालपण असं पाण्याखाली जातं. मला कोणीतरी मोठं गुपित सांगितल्यासारखं वाटलं.

कासव दिसलं. पाणकोंबडी कोपऱ्यातल्या लव्हाळ्यात शिरताना दिसली. मी संपदाला म्हटलं, "हे सगळं रोज इथे होतं आणि मी पाठ करून कपडे धूत होते."

रुडॉल्फच्या खिडकीची एक फळी किंचित उघडी दिसली. आत डास गेले असतील.

१ मार्च

फोन! निधीने पुढच्या फेरीसाठी निवडलं. एप्रिलमध्ये त्यांचा माणूस जागा पाहायला येणार. श्री. हर्षवर्धन आगटे, मोठे तज्ज्ञ आहेत, संपदा त्यांच्या नावानेच घाबरते. त्यांना पटलं तर पैसे, नाहीतर नाही.

रुडॉल्फला सांगितलं. "येऊ दे. मी पन बघतो, बेडूक बघायला पुन्याहून कोन येतो."

बिल्डरचा माणूस गेल्या आठवड्यात टेप घेऊन रस्त्याकडची बाजू मोजून गेला. म्हणजे आमचा सगळा डाव त्या एका पाहुण्यावर आहे. तो हो म्हणाला तर रुडॉल्फला तोंडावर सांगता येईल की बघ, बाहेरच्या जगाला याची किंमत आहे. नाही म्हणाला तर मे महिन्यात डंपर.

१९ एप्रिल

आगटेसाहेब शनिवारी चोवीस तारखेला येणार. संपदा पुण्याला गेली आहे, शुक्रवारी परत येईल.

बर्था आली. म्हणाली, "कार्मिन, पाहुना येनार आनि तिथे दाखवायचं काय गो? शेवाल? एवढं रान माजलंय, तो काय म्हनेल, ह्या बायका आलशी." मलाही तेच वाटत होतं. ईस्टरला घर धुऊन काढलं, चर्चला रंग दिला, आणि ज्याच्यासाठी माणूस पुण्याहून येतोय ते तसंच. तसाही गाळ काढायचा महिना जवळ आलाच आहे. पंधरा दिवस आधी काढला तर काय बिघडलं? हंसाताईही हो म्हणाल्या. गुरुवारी करायचं ठरवलं. संपदाला सांगायचं नाही, तिला एकदम दाखवू.

२२ एप्रिल

अंग मोडून गेलं, पण काय दिसतंय!

सकाळीच दहा-बारा बायका जमल्या. पाणी कमरेएवढं उरलं आहे, त्यामुळे उतरायला सोपं. शेवाळ सगळं ओढून काढलं. लव्हाळा मुळापासून. काठची झुडपं, नेचे, वेल, सगळं साफ. कडेचा गाळ उपसला. दगडांना चुना लावला. बर्था नगरपालिकेतल्या ओळखीच्या माणसाकडून पांढरी पावडर आणणार होती, पाणी स्वच्छ दिसावं म्हणून. मी म्हटलं, मासे मरतील. ती म्हणाली, "सगले थोडेच मरतील." मी तिला हात धरून थांबवलं.

तर तिने दुपारी माणिकपूरला जाऊन पिशवीतून लाल मासे आणले आणि सोडले. दुकानात काचेच्या पेटीत असतात ते. "बघ, आता कसं भरल्यासारखं वाटतं," म्हणाली. खरंच वाटतं.

काढलेला सगळा ढीग रुडॉल्फच्या वाडीत टाकला. दर वर्षी गाळाची पाळी एका घराची असते, केळींना उत्तम खत. यंदा त्याची पाळी. त्याने समोरच्या दारातून ओरडा केला, "ही घान माझ्या दारात? शनवारपर्यंत सडून वास सुटेल!" मी म्हटलं, पाळी तुझी, खत तुझं, वासही तुझा.

नाताळच्या झिरमिळ्या उरल्या होत्या, त्या करंजाला बांधल्या.

२३ एप्रिल

संपदा संध्याकाळी आली. मी तिला डोळे मिटायला सांगून काठावर नेलं.

डोळे उघडून तिने आधी चुना पाहिला, मग पाणी, मग खाली बसली. मला वाटलं, आनंदाने बसली.

"काकी, लव्हाळा?"

"काढला."

"पाणकोंबडीचं घरटं होतं त्यात."

"होतं, पण रिकामं. मी बघूनच काढलं."

"आणि शेवाळ? चतुराची पिल्लं शेवाळात असतात ना, काकी."

ते मला माहीत होतं. तिनेच बशीत दाखवलं होतं, आणि मी त्या दिवशी इथे लिहिलंही. माहीत असून गुरुवारी एकदाही आठवलं नाही. पाहुणा येणार म्हटलं की हात आपोआप झाडूकडे जातो, डोकं मागे राहतं. जे बघायला माणूस येतोय, तेच आम्ही झाडून टाकलं होतं.

बर्था म्हणाली, "पन बाय, चकाचक झालं की नाय?" तेवढ्यात तिचे लाल मासे रांगेने समोरून गेले. संपदाने ते पाहिले आणि तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. मग म्हणाली, "सरांना काय दाखवू, मावशी? झिरमिळ्या?"

तिच्यासाठी पेज केली. खाल्ली नाही.

२४ एप्रिल, शनिवार

आजचं सावकाश लिहिते.

आगटेसाहेब रिक्षातून उतरले. साठीचे असतील, काटकुळे, डोक्यावर कापडी टोपी. बर्थाने मैद्याचे फुगे तळले होते, मी तांदळाच्या रोट्या आणि कोंबडी केली होती. ते म्हणाले, आधी पाणी बघू.

संपदा काही सांगायच्या आत मी पुढे झाले. "साहेब, हिचा काही दोष नाही. ही पुण्याला होती. तुम्ही येणार म्हणून आम्ही बायकांनी बावखल साफ केलं. जे काही होतं ते सगळं काढून टाकलं."

ते काठावर उभे राहिले. चुना बघितला. झिरमिळ्या बघितल्या. लाल मासे आले तसे वाकले. बर्था म्हणाली, "लाल रंग बरा दिसतो ना, साहेब?"

"दिसतो," ते म्हणाले. "यांना सगळं खायची सवय असते, अंडी-बिंडी सगळं. हे किती दिवसांचे पाहुणे?"

"परवाच आनले."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "काढलेलं टाकलं कुठे?"

आम्ही रुडॉल्फच्या वाडीत गेलो. संपदा सगळ्यांत मागे, मान खाली घालून. मला वाटलं होतं, ढीग सुकून करपला असेल. पण ढिगावर गोणपाटं टाकलेली होती, ओलीचिंब. केळीच्या सावलीला घेतला होता सगळा, म्हणजे कोणीतरी पाटीने वाहून हलवला होता. बाजूला तीन घमेली आणि कपडे धुवायचा मोठा टब. टबात लव्हाळ्याचे गड्डे उभे करून ठेवलेले. घमेल्यांत गोगलगायी, शिंपले, बोटाएवढे मासे. एका घमेल्यावर चाळण पालथी घातली होती आणि वर दगड. चाळण उचलली तर कासव.

रुडॉल्फ पंपाच्या नळीने गोणपाटांवर पाणी मारत उभा होता. आम्हाला बघून नळी खाली टाकली.

"हे तुम्ही केलं?" साहेबांनी विचारलं.

"वास येतो," रुडॉल्फ म्हणाला. "सुकलं की वास मारतो. म्हनून भिजवलं."

"आणि कासव?"

"ते... पायात येत होतं."

संपदा त्याच्याकडे बघतच राहिली. तो तिच्यावर खेकसला, "बघतेस काय? माझी घमेली मला संध्याकाळी परत पायजेत!" रुडॉल्फचं नाक पहिल्यापासून नाजूक आहे. सुकं बोंबील भाजले तरी त्याला खपत नाही. त्या नाजूक नाकामुळे आज लाज राखली गेली, हे मात्र खरं.

साहेबांनी गोणपाट उचललं, चिखलात हात घातला, बशी मागितली. पुढचा तासभर ते आणि संपदा त्या ढिगाशी बसले, दोन लहान मुलं बसावीत तसे. संपदाचा आवाज हळूहळू परत आला. बर्था शेजारी उभी राहून फुगे खात होती, पाहुण्यांसाठीचे.

शेवटी साहेबांनी हात धुतले आणि मला विचारलं, "असं दर वर्षी काढता?"

"दर वर्षी. माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून. नाही काढलं तर दोन-चार वर्षांत चिखल होतो, पाणी उरत नाही."

"आणि पाऊस झाला की हे सगळे परत येतात?"

"येतात की. कुठे जातील?"

ते हसले. संपदाला म्हणाले, "तुमच्या अर्जात लिहिलंय, बावखलाला माणसाचा हात लागू द्यायचा नाही. आमच्याकडे येणारे बहुतेक अर्ज तेच म्हणतात. पण ही जागा माणसांच्या हातानेच टिकलेली दिसते. दर वर्षी उपसून रिकामी करतात आणि दर वर्षी भरते. कोण आधी येतं, कोण मागून, कुठून येतं, हे कोणी तपासलंय?"

"नाही सर."

"मग ते तपासा. अर्धं दर वर्षीसारखं उपसा, अर्धं राहू द्या. ढिगाचं काय होतं तेही बघा. अर्ज नवा लिहा."

मग चष्मा पुसत म्हणाले, "चुना मात्र पुन्हा नको. लाल पाहुण्यांना घरी पाठवा. आणि चारही घरांचा होकार लागेल. एकही कमी असला तर निधी काही करू शकणार नाही."

सगळ्यांनी रुडॉल्फकडे बघितलं. तो नळी गुंडाळत होता. गुंडाळून झाली, खांद्यावर टाकली, घरात गेला आणि दार लावलं.

साहेबांनी रोट्या पोटभर खाल्ल्या. फुगे संपले होते.

२ मे

संपदाने नवा अर्ज पाठवला. हंसाताईंचा होकार, बर्थाचा होकार, माझा होकार. रुडॉल्फ विषय काढला की उठून जातो. बिल्डरचा माणूस काल परत आला होता.

मी आज त्याला स्पष्ट विचारलं, "तुला किती पैसे हवेत रे?"

तो म्हणाला, "वैनी, तुला काय वाटतं, मला पैशे पायजेत?"

"मग काय पाहिजे?"

कोयता घेऊन केळींकडे निघून गेला. हट्टी आहे. गॅब्रिएलही होता, पण तो निदान कारण सांगायचा.

९ मे

लाल मासे पकडायचा दिवस. टबातलं सगळं आधीच परत सोडलं होतं, राहिले होते हे.

बर्थाने मच्छरदाणी आणली. एकीकडून ती, दुसरीकडून मी, मधे संपदा. कोंबड्यांचे पाव आज माशांना घातले. मासे येतात, पाव खातात आणि जाळीच्या खालून निघून जातात. बर्था दोनदा पाण्यात बसली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "आता मी उठतच नाय. माझ्यावर पन अभ्यास करा." हंसाताई काठावर हसून हसून वाकल्या होत्या.

मला बोलावंसं वाटलं, "गॅब्रिएल असता तर..." आणि मी बोलूनही टाकलं, मोठ्याने. "गॅब्रिएल असता तर हाताने पकडले असते."

मागून आवाज आला, "त्याला कुठे जमायचं? त्याला मीच शिकवलं."

रुडॉल्फ काठावर होता. लुंगी गुडघ्यांच्या वर बांधली होती. किती वेळ उभा होता कोण जाणे. कोणी काही बोलायच्या आत तो उतरला. आधी घोट्यापर्यंत, मग थांबला. इतका वेळ थांबला की मला वाटलं पायात काटा गेला. मग सरळ मध्यापर्यंत चालत गेला आणि बर्थाला म्हणाला, "ती मच्छरदानी घे तिकडे. आनि गप राहा, जमलं तर."

हात पाण्याखाली, ओंजळ उघडी, नुसता वाकून उभा. मासा ओंजळीत येऊन थांबला की बंद. एकेक करून सगळे काढले. शेवटचा बर्थाच्या हातात देताना म्हणाला, "जा, ह्याला पन पुन्याला पाठव."

वर आला तेव्हा डोळे लाल होते, चेहरा ओला. पाणी डोळ्यांत गेलं म्हणाला. पाणी त्याच्या कमरेच्या वर कुठेच नव्हतं. उडालं असेल.

लाल मासे आता बर्थाच्या घरी काचेच्या बरणीत आहेत. तिने त्यांना नावं ठेवली आहेत. एकाचं नाव आगटे.

१२ मे

संपदाचा फोन. आवाज असा की मी आधी घाबरले. निधीने हो म्हटलं आहे. दोन वर्षं अभ्यास, काठाची डागडुजी, गाळ काढायला येणाऱ्या बायकांना मजुरीसुद्धा. फक्त चौथ्या घराचा होकार राहिला आहे. महिनाअखेरपर्यंत द्यायचा.

मी म्हटलं, बघते. काय बघणार होते, देवाला ठाऊक.

१५ मे

सकाळी चहा घेऊन रुडॉल्फकडे निघाले होते. शेवटचं एकदा बोलायचं, नाहीतर भांडायचं, असं ठरवून. त्याच्या ओट्यावर बिल्डरचा माणूस बसलेला. मी माडाच्या मागे थांबले. चोरून ऐकायचं नव्हतं, पण हातात किटली भरलेली होती, एकदम वळता येईना.

तो माणूस म्हणत होता, "अंकल, डंपर रेडी आहे. तुम्ही फक्त हो बोला, सोमवारी काम चालू."

रुडॉल्फ म्हणाला, "बावखल नाय द्यायचं."

"का? रेट कमी वाटतो?"

"रेटचा विषय नाय. माझा भाऊ आहे तिथे."

त्या माणसाने मान वळवून बावखलाकडे बघितलं. काठावर कोणी नव्हतं, एक बगळा होता. "मग भावाला विचारून सांगा ना, अंकल. मी थांबतो."

"विचारलं," रुडॉल्फ म्हणाला. "नाय म्हनाला."

तो माणूस उठला आणि मोटारसायकल चालू करून गेला.

मी पुढे झाले. रुडॉल्फने मला बघितलं, पण ऐकलंस का असं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मी आयुष्यात त्याला इतकं धडधडीत खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. गॅब्रिएलला जाऊन चार वर्षं झाली, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. एरवी मी तिथल्या तिथे टोकलं असतं. पण तो म्हणाला, "वैनी, त्या पोरीला फोन कर, सही करतो म्हनावं. आनि पुढच्या वर्षी गाळ काढायच्या दिवशी गड्याला नको बोलावू, मी येतो." आणि कप पुढे केला.

मग मी काही दुरुस्त केलं नाही. त्याच्या कपात चहा ओतला, आणि माझ्याही.